‘प्रभू म्हणतो’ असा निरोप लेकीला आला तर

आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

“आम्ही जालन्याचे. चार पिढ्या मिशनच्या मंडळीत (चर्चमध्ये). आमचे मिस्टर मंडळीत एल्डर आहेत. लेक २६ वर्षांची, पुण्यात स्टाफ नर्स आहे. दीड वर्षापासून ती तिथल्या एका फेलोशिपला जाते. गेल्या महिन्यात त्यांच्या कन्व्हेन्शनला बाहेरून आलेल्या एका प्रॉफेटनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, ‘प्रभू म्हणतो, तू समुद्र ओलांडू नकोस. या वर्षाच्या आत मी तुला माझ्या एका सेवकाशी जोडणार आहे.’ तिला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलची ऑफर आहे आणि उत्तर द्यायला ३ आठवडे उरलेत. सभेनंतर तिला ‘आज्ञापालनाचं बीज’ म्हणून २१,००० रुपये द्यायला सांगितलं. ते अजून दिलेले नाहीत. मिस्टर म्हणतात, भविष्यवाणी, अन्य भाषा सगळं प्रेषितांबरोबर संपलं, आता चाललंय ते सैतानाचं आणि अमेरिकेतून आलेलं. लेक म्हणते, पप्पा आत्म्याला विझवताहेत. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. खरं काय आहे, आणि मी काय करू?”

ताई, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आत्म्याची कृपादानं (भविष्यवाणी, न शिकलेल्या ‘अन्य भाषां’त बोलणं अशी देवाच्या आत्म्यानं दिलेली दानं) आजही चालू आहेत की प्रेषितांच्या काळाबरोबर थांबली, हा एक. त्या संध्याकाळी लेकीला मिळालेला निरोप प्रभूचा होता का, हा दुसरा. पहिल्यावर ख्रिस्ती मंडळी शतकानुशतकं वाद घालत आली आहे आणि तुमच्या हातात आहेत ३ आठवडे. दुसरा मात्र तेवढ्या वेळात नीट तपासता येतो. शिवाय या दुसऱ्या प्रश्नावर दोन्ही बाजूंची जाणती माणसं जवळजवळ एकच सांगतात: पारख होईपर्यंत या निरोपावरून ना नोकरी नाकारा, ना लग्नाला होकार द्या, ना पैसे द्या. म्हणून आधी निरोपाचं बघू आणि मग घरातल्या वादाकडे वळू.

सगळ्यात आधी तो निरोप शब्दशः कागदावर उतरवून घ्या. कन्व्हेन्शनचं रेकॉर्डिंग बहुतेक यूट्यूबवर किंवा कुणाच्या तरी फोनमध्ये असेल; ते मिळवा आणि ऐकून लिहा. तारीख, ठिकाण, नेमके शब्द, आणि सभेनंतर टीममधल्या लोकांनी वेगळं काय सांगितलं तेही. हे का, तर महिन्याभरात आठवणीतलं वाक्य बदलतं. ‘समुद्र ओलांडू नकोस’चं ‘आयर्लंडला जाऊ नकोस’ होतं, ‘सेवकाशी जोडणार’चं ‘आपल्या फेलोशिपमधल्याच अमुकशी लग्न’ होतं, आणि मग मूळ निरोपात नसलेल्या गोष्टीही ‘प्रभूच्या’ होऊन बसतात.

लिहून झालं की त्याचे तीन भाग वेगळे करा: त्या माणसाला काय दिसलं किंवा कळलं असं तो म्हणतो, त्याचा अर्थ त्यानं काय लावला, आणि त्यावरून लेकीनं काय करावं असं तो सांगतो. हे तीन भाग वेगळे का ठेवायचे, ते प्रेषितांच्या कृत्यांचा २१वा अध्याय फार स्पष्ट दाखवतो. प्रेषित पौल यरुशलेमेला निघालाय. सोर इथले शिष्य आत्म्याच्या प्रेरणेनं त्याला सांगतात, जाऊ नकोस. पुढे कैसरियात अगब संदेष्टा येतो, पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की ज्याचा हा पट्टा आहे त्याला यहूदी असंच बांधतील आणि परराष्ट्रीयांच्या हाती देतील. अगबाच्या तोंडी ‘जाऊ नकोस’ हे शब्द नाहीत. ते म्हणाले जमलेले लोक, रडत रडत, आणि त्यांत हे पुस्तक लिहिणारा खुद्द लूकही होता. पौल तरीही गेला. त्याला कुणी आज्ञा मोडणारा म्हटलं नाही. ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून सगळे गप्प राहिले. म्हणजे बेड्यांची खबर खरी असूनही त्या खबरीचं काय करायचं हा निर्णय ज्याच्यावर बेड्या येणार होत्या त्याचाच राहिला. तुमच्या लेकीच्या बाबतीत मात्र निर्णयच निरोप म्हणून हातात ठेवला आहे.

ती कदाचित म्हणेल, आत्म्यानं पौलालाही आशिया प्रांतात वचन सांगायला मना केलं होतं. केलं होतं, कृत्ये १६ मध्ये. पण तिथे मनाई प्रवास करणाऱ्यांनाच झाली, आणि मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त पौलाला झाल्यावर पुढे कुठे जायचं याचं अनुमान सोबत्यांनी मिळून काढलं. लूक तिथे ‘आम्ही’ म्हणतो. एका रात्रीपुरत्या आलेल्या अनोळखी माणसानं भर सभेत कुणाची नोकरी आणि लग्न ठरवल्याचं उदाहरण नव्या करारात सापडत नाही.

दुसरी तपासणी थोडी अवघडल्यासारखी वाटेल, पण ती टाळू नका. त्या प्रॉफेटला आधीपासून काय माहीत असू शकत होतं? लेकीनं फेलोशिपच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑफरसाठी प्रार्थना मागितली होती का? कन्व्हेन्शनच्या नोंदणी फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता का? प्रार्थना विनंतीचं कार्ड भरलं होतं का? सेल ग्रुपमध्ये कुणाशी बोलली होती का? नर्सिंगमधली, अविवाहित, सव्विशीतली मुलगी म्हटल्यावर परदेश आणि लग्न हे दोन विषय कुणाच्याही डोक्यात येतील. १९८६ मध्ये अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा प्रचारक हजारो लोकांच्या सभेत माणसांची नावं, पत्ते आणि आजार ‘प्रकटीकरणानं’ सांगायचा. अशी ढोंगं उघडी पाडणारा जादूगार जेम्स रँडी आणि त्याच्या साथीदारांनी सभागृहात रेडिओ स्कॅनर नेऊन पकडलं की पॉपॉफच्या कानात लहानसं यंत्र आहे, आणि सभेआधी भरून घेतलेल्या कार्डांवरचा मजकूर त्याची बायको ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्याला वाचून दाखवतेय. तुमच्याकडे असंच घडलं असं आम्ही म्हणत नाही. बहुतेक वेळा फसवणूक नसतेच. एखाद्या लीडरनं आदल्या दिवशी जेवताना सहज सांगितलेलं प्रामाणिक माणसाच्याही मनात राहतं आणि स्टेजवर ते प्रभूचा आवाज वाटू लागतं. पण माहिती आधीच बाहेर असेल, तर ‘त्यांना कसं कळलं?’ हा पुरावा म्हणून उरत नाही.

आता मजकुराची पारख. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण लोक नेमके इथेच अडकतात. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायातली कसोटी सगळ्यांना ठाऊक असते: सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हे. पण तुमच्या लेकीचा निरोप या कसोटीवर नीट लावताच येत नाही. ती या निरोपामुळे ऑफर सोडेल, तर समुद्र ओलांडला गेला नाही हे तिनं स्वतःच घडवलेलं असेल. फेलोशिपमध्ये तरुण अविवाहित सेवक असतीलच, सगळ्यांनी निरोप ऐकलेला आहे, तेव्हा वर्षाच्या आत स्थळ सुचवणं अजिबात कठीण नाही. म्हणजे निरोप पाळला की तो ‘पूर्ण’ होतो, आणि मोडला तर लेकीनं आज्ञा मोडली असं ठरतं. कुठल्याही बाजूनं तो चुकीचा ठरूच शकत नाही. असा निरोप परिणामावरून पारखायची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याची पारख पाळण्याआधीच करायला हवी. अनेक जबाबदार पेंटेकॉस्टल आणि करिश्मॅटिक (कृपादानं आजही चालू आहेत असं मानणाऱ्या) मंडळ्या लग्न, मूलबाळ आणि तारखा या विषयांवर वैयक्तिक निरोप द्यायला आपल्या लोकांना सरळ मनाईच करतात, त्यामागे हेच कारण आहे.

अनुवादाचा १३वा अध्याय एक पाऊल पुढे जातो. तिथे चिन्ह खरं ठरलं तरी तो संदेष्टा लोकांना देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका असं आहे. म्हणून ‘पण त्यांचं दुसऱ्या एका बहिणीच्या बाबतीत तंतोतंत खरं झालं’ या साक्षीचा आदर करा, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

मग पारखायचं कशावर? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौल मंडळीतल्या संदेशाचं, म्हणजे भविष्यवाणीचं, काम तीन शब्दांत सांगतो: उन्नती, उत्तेजन, सांत्वन. लेकीला विचारा, त्या निरोपानं तू कशी झालीस? तिला धीर आला का, प्रार्थनेची ओढ वाढली का, की रात्री झोप उडाली आणि ‘आपण चुकलो तर प्रभू शिक्षा करील’ ही भीती बसली? ती उत्तर देईल तेव्हा मध्ये बोलू नका, वाद घालू नका.

त्याच अध्यायात शिस्तही दिली आहे आणि ती बरीच नेमकी आहे. अन्य भाषेत बोलणारे दोन, फार तर तीन, एकामागून एक, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. संदेश देणारेही दोघं-तिघं, आणि इतरांनी निर्णय करावा. दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्यानं थांबावं. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या ताब्यात असतात, म्हणजे ‘आत्म्यानं मला थांबूच दिलं नाही’ ही सबब पौल मान्य करत नाही. यातलं ‘इतरांनी निर्णय करावा’ हे कन्व्हेन्शनच्या स्टेजवर सहसा घडत नाही. दिवे, वाद्यं, आमेनचा गजर, पुढच्या माणसाकडे माईक. आणि दुसऱ्या दिवशी प्रॉफेट पुढच्या शहरात. नव्या कराराच्या मंडळीत संदेश देणारा त्याच घरांत राहणारा, ज्याचं जगणं सगळ्यांना दिसतं असा माणूस असायचा, किंवा बाहेरून आलाच तर त्याला ऐकून मंडळी बसून विचार करायची. बाहेरून येऊन निघून जाणाऱ्याची पारख करणं सगळ्यात कठीण, आणि आज सगळ्यात जास्त मान त्यालाच मिळतो. आमच्या मते आजच्या गोंधळाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

म्हणून फेलोशिपच्या पास्टरांना भेटा. लेकीला बरोबर घेऊन जा. तिच्या नकळत गेलात तर तिचा तुमच्यावरचा विश्वास कायमचा जाईल. आवाज न चढवता चार गोष्टी विचारा. या निरोपाची पारख कुणी केली? हे प्रॉफेट कुठल्या मंडळीचे सभासद आहेत, आणि ते चुकले तर त्यांना जाब कोण विचारतं? त्यांनी मागे इथे दिलेल्या निरोपांची नोंद ठेवली आहे का, आणि जे खरे झाले नाहीत त्यांचं काय केलं? नोकरी, लग्न आणि पैसा यांवर भर सभेत निरोप द्यायला तुमची संमती आहे का? चांगला पास्टर या प्रश्नांनी दुखावणार नाही. कदाचित तोच म्हणेल की तुम्ही बरं केलंत, आम्हीही हे बसून बघायला हवं होतं. तसं झालं तर लेक ठीक जागी आहे, आणि तुमच्या मिस्टरांनाही ते कळू द्या.

उत्तर ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ असं आलं तर सावध व्हा. हे शब्द १०५व्या स्तोत्रातले आहेत आणि तिथे राजांना ताकीद आहे की अब्राहाम, इसहाक, याकोब यांना इजा करू नका. दाविदानं शौल राजावर हात टाकला नाही, पण त्याच प्रसंगी सगळ्या सैन्यादेखत त्याला त्याच्या अन्यायाचा जाब विचारला. प्रश्न विचारणं म्हणजे हात लावणं नव्हे. दुसरं धोक्याचं उत्तर: ‘विश्वास ठेवला नाहीत तर निरोप फळणार नाही.’ शास्त्रात खोट्या ठरलेल्या संदेशाचा भार संदेष्ट्यावर येतो, ऐकणाऱ्यावर नाही. यिर्मया २८ मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की २ वर्षांत बाबेलच्या सत्तेचं जू मोडेल. लोकांना ते आवडलं. जू मोडलं नाही, आणि त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्याच मेला. लोकांचा विश्वास कमी पडला असं यिर्मया म्हणत नाही. यावर कुणी योना संदेष्ट्याचं उदाहरण देईल, की निनवे ४० दिवसांत उलथलं नाही. ते खरं आहे, पण तिथे शहरानं दुष्टाई सोडली म्हणून न्याय टळला, आणि यिर्मया १८ मध्ये देव हाच नियम सांगतो. आयर्लंडला नर्स म्हणून जाण्यात सोडून देण्यासारखं कुठलं पाप आहे?

आता पैसे. यावर आमचं मत स्पष्ट आहे: २१,००० रुपये देऊ नका. पहिल्या शतकाच्या अखेरच्या किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीच्या मंडळीची एक छोटी पुस्तिका आहे, ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या नावानं ओळखली जाणारी. तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. त्या काळी फिरते प्रेषित आणि संदेष्टे गावोगाव यायचे, आणि ही पुस्तिका त्यांना मानते, त्यांच्यावर बंदी घालत नाही. पण नियम कडक आहेत. आलेला प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात बोलताना कुणी ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका. गरजू लोकांसाठी मागितले तर मात्र त्याला दोष देऊ नका. गावात स्थायिक होऊन खरी सेवा करणाऱ्या संदेष्ट्याला अन्नाचा वाटा द्यायला तीच पुस्तिका सांगते. म्हणजे सेवकाच्या पोटापाण्याला तिची हरकत नाही. निरोपाला किंमत लावण्याला आहे.

अगबाचंच दुसरं उदाहरण घ्या, कृत्ये ११ मधलं. त्यानं अंत्युखियात मोठ्या दुष्काळाची सूचना दिली आणि तो क्लौद्याच्या कारकिर्दीत पडला. शिष्यांनी पैसे जमवले, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि ते बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यहूदीयातल्या भावांकडे पाठवले. आकडा अगबानं ठरवला नाही, पैसे अगबाकडे गेले नाहीत.

लेकीनं तोपर्यंत पैसे देऊनच टाकले, तर भांडू नका. पावती मागा, कुठल्या ट्रस्टच्या नावे आहे ते बघा. पावती नसेल आणि रक्कम कुणाच्या खासगी यूपीआयवर गेली असेल, तर पास्टरांना विचारायच्या गोष्टींत ही पाचवी घाला.

आता घरातला वाद. तुमच्या मिस्टरांचं मत हलकं नाही, आणि लेकीनं ते आधी नीट समजून घ्यावं. जालन्याच्या मंडळीचं मूळ स्कॉटिश मिशनात आहे. त्या परंपरेचा पाया म्हणजे वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार (मंडळी काय मानते त्याची लिखित कबुली), जो स्कॉटलंडच्या मंडळीनं १६४७ मध्ये स्वीकारला. त्याच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की देवानं आपली इच्छा प्रकट करण्याच्या पूर्वीच्या रीती आता थांबल्या आहेत, कारण ती इच्छा शास्त्रात लिहून दिलेली आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे धर्मशास्त्री बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये यालाच सविस्तर मांडणी दिली: चमत्काराची कृपादानं ही प्रेषितांची ओळखपत्रं होती, प्रेषित गेले तशी तीही गेली. इफिसकरांस पत्र २:२० मध्ये प्रेषित आणि संदेष्टे हे मंडळीचा पाया आहेत, आणि पाया एकदाच घालतात, हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियात उपदेश करणारा योहान ख्रिसोस्तोमही करिंथकरांच्या पत्रातल्या कृपादानांबद्दल म्हणतो की हा भाग समजायला कठीण आहे, कारण तेव्हा घडायचं ते आता घडत नाही.

पण मिस्टरांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. ‘कृपादानं थांबली’ यातून ‘आता चाललंय ते सैतानाचं’ हे निघत नाही. वॉरफिल्ड स्वतः मानायचे की देव आजही प्रार्थना ऐकून आजारी माणसाला बरं करतो. त्यांचा नकार फक्त ती शक्ती एखाद्या माणसाला दान म्हणून मिळते याला होता. ज्याला लोक संदेश म्हणतात ते बऱ्याचदा माणसाच्या मनात आलेलं असतं, कधी चांगलं, कधी चुकीचं, एवढंच या मताचे बरेच विचारवंत म्हणतात. दुसरं म्हणजे १ करिंथ १३ मधलं ‘पूर्ण ते येईल तेव्हा अपूर्ण ते नाहीसं होईल’ हे वचन लेकीवर फेकू नये. ‘पूर्ण’ म्हणजे पूर्ण झालेलं पवित्र शास्त्र, असा अर्थ काही लोक लावतात, पण लगेच पुढे ‘तोंडोतोंड पाहू’ असं आहे. धर्मसुधारक कॅल्विनही त्याचा संबंध येणाऱ्या जगाशी लावतो. या वादात मिस्टरांच्या बाजूचे रिचर्ड गॅफिन यांच्यासारखे आजचे अभ्यासकही त्या वचनावर भिस्त ठेवत नाहीत. ते इफिस २:२० वर उभे राहतात. आणि जुन्या मंडळीचा मोठा शिक्षक ऑगस्टीन? त्यानं तरुणपणी लिहिलं होतं की असे चमत्कार आपल्या काळापर्यंत टिकू दिले गेले नाहीत. म्हातारपणी, देवाच्या नगरीवरच्या ग्रंथाच्या २२व्या भागात, त्यानं आपल्या हिप्पो शहरात दोन वर्षांत नोंदवलेल्या जवळजवळ ७० साक्षींचा उल्लेख केला आणि आधीचं विधान दुरुस्त केलं.

‘अमेरिकेतून आलेलं’ हे तर महाराष्ट्राच्या माणसानं म्हणूच नये. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात जिथे मानतात ती लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची जागृती १९०६ च्या एप्रिलची. त्याआधी, १९०५ च्या मध्यावर, दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, पापांगीकार करत, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. अन्य भाषांचा अनुभव तिथे १९०६ च्या अखेरीस आला. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांनी या जागृतीवर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वालपाराइसो शहरी पोचली आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ ची जागृती झाली. चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ आपलं मूळ सांगताना केडगावचं नाव घेते. आणि लेकीसाठी यातलं महत्त्वाचं हे: रमाबाईंनी ही जागृती थांबवली नाही, पण प्रत्येकानं अन्य भाषा बोललीच पाहिजे असा आग्रहही धरला नाही. अनाथ मुलींची शाळा, शेत, छापखाना आणि शास्त्राचं भाषांतर सगळं चालूच राहिलं.

लेकीची बाजूही खरी आहे. योएल संदेष्ट्याचं वचन पेत्रानं पेंटेकॉस्टच्या दिवशी ‘शेवटच्या दिवसांत’ लावलं, तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत. संदेश देण्याची उत्कंठा बाळगा, ही पौलाची आज्ञा आहे, आणि ती मागे घेतल्याचं वचन शास्त्रात नाही. आमचं मतही याच बाजूला झुकतं. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, ५:१९ पासून, आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, या तिन्ही आज्ञा एका ओळीत आहेत. घरात मिस्टर शेवटची पाळताहेत, लेक पहिली. तिन्ही मिळूनच पाळायच्या आहेत.

पण लेकीनं तिच्याच बाजूच्या अभ्यासकांचं ऐकावं. वेन ग्रुडेम यांनी १९८८ मध्ये मांडलं की मंडळीतला आजचा संदेश शास्त्राच्या तोडीचा नाही, त्यात चूक मिसळू शकते, म्हणून बोलणाऱ्यानं ‘प्रभू म्हणतो’ असं म्हणू नये. ‘मला वाटतं, प्रभू माझ्या मनात हे घालतोय’ एवढंच म्हणावं. गॅफिन यांच्यासारखे लोक यावर विचारतात की चुकू शकणाऱ्याला संदेष्टा कशाला म्हणायचं, आणि तो प्रश्न वजनदार आहे. तरी लेकीपुरतं बघा: निरोप चुकू शकतो म्हटलं तर तो तिला बांधत नाही, आणि चुकूच शकत नाही म्हटलं तर त्या प्रॉफेटला अनुवाद १८ पूर्ण लागू होतं. २०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीबद्दल अनेक नावाजलेल्या प्रॉफेटांनी जाहीरपणे सांगितलेलं खोटं ठरलं. काहींनी माफी मागितली. एप्रिल २०२१ मध्ये त्याच प्रवाहातल्या पुढाऱ्यांनी लिखित मापदंड काढले की जाहीर केलेला संदेश चुकला तर जबाबदारीही जाहीरच घ्यायची. हिशोब मागणं हे अविश्वासाचं लक्षण नाही, हे तिला तिच्याच लोकांकडून कळेल. ही सवय फार जुनीही आहे: दुसऱ्या शतकात फ्रुगियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) माँटेनसच्या भविष्यवाणीच्या चळवळीतल्या मॅक्सिमिला हिनं युद्धं आणि उलथापालथी सांगितल्या होत्या, आणि एका ख्रिस्ती लेखकानं शांतपणे नोंदवून ठेवलं की ती जाऊन १३ वर्षांहून अधिक काळ लोटला, युद्ध झालेलं नाही.

मिस्टरांना एवढंच सुचवा, की ‘ते लोक सोड’ हे वाक्य पुढचे ३ आठवडे तोंडातून काढू नका. ते ऐकलं की लेक निरोपाचा बचाव करू लागते, त्याची पारख करत नाही. त्याऐवजी त्यांनी तिला विचारावं, हा अध्याय आपण दोघं मिळून वाचू या का? १ करिंथ १२ ते १४, सलग, एका बैठकीत. एल्डर माणसाला हे जमतं.

आयर्लंडचा निर्णय निरोपापासून सोडवून, साध्या प्रश्नांवर घ्या. तिथल्या नर्सिंग आणि मिडवायफरी बोर्डाची नोंदणी कुठवर आली, अ‍ॅडाप्टेशन करायचं की अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्यायची, ऑफर लेटरवर पगार आणि कराराची मुदत काय, एजंट पैसे मागतोय का, तिथे रविवारी जायला मंडळी कुठली, आणि तिला स्वतःला जायचंय का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, निरोपाच्या आधीपासूनच नसेल जायचं, तर तिनं ते स्वतःच्या नावानं सांगावं. प्रभूचं नाव पुढे करायची गरज नाही, आणि तुम्हीही ते मान्य करा. कुठल्या सेवकाचं स्थळ आलं तर बाकी कुठल्याही स्थळाची करता तशीच चौकशी करा, आणि दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका, निरोप असो वा नसो.

पास्टरांच्या भेटीची वेळ याच आठवड्यात ठरवा. ती लांबणीवर पडत असेल, तर लेकीनं आजच हॉस्पिटलला ई-मेल करून उत्तरासाठी आणखी १० दिवस मागावेत. नोकरी देणारे असा वेळ बऱ्याचदा देतात. तिनं मेल लिहायला घेतली आणि फेलोशिपमधून कुणी ‘मेल पाठवणं म्हणजे अविश्वास’ असं सांगितलं, तर त्या माणसाचं नाव आणि ते वाक्य दोन्ही वहीत लिहून ठेवा आणि पास्टरांच्या भेटीत वाचून दाखवा.